फोर्ट स्टिकिन: दारूगोळ्याखाली रुईगाठी

वाचक विचारतात

एप्रिलच्या अंकात अग्निशमन सेवा सप्ताहावर एक छोटी चौकट दिली होती. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज फुटलं, आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक त्यात गेले, आणि म्हणून हा सप्ताह त्या तारखेपासून पाळतात, इतकाच मजकूर. त्यावर आलेली पत्रं चौकटीच्या कितीतरी पट भरली. नागपुरात १४ एप्रिल म्हटलं की पावलं दीक्षाभूमीकडे वळतात, तेव्हा त्याच तारखेची ही दुसरी आठवण मागे पडते. पण देशभरातले अग्निशमन अधिकारी जिथे शिकतात ते महाविद्यालय १९५७ पासून नागपुरात आहे, स्फोटकांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संघटनेचं मुख्यालयही इथलंच, आणि कापसाच्या गाठी तर आपल्या घरच्याच. पत्रांतले प्रश्न त्यामुळे चांगलेच नेमके आहेत. निवडक प्रश्नांची उत्तरं देतो.

प्रश्न: हे जहाज युद्धनौका होतं का? ‘फोर्ट’ म्हणजे किल्ला, मग त्यावर तोफा वगैरे होत्या का? ते जपान्यांनी उडवलं असं आम्ही लहानपणी ऐकत होतो.
(निवृत्त शिक्षिका, महाल)

युद्धनौका नव्हे, कोळशावर चालणारं साधं मालवाहू जहाज. युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनची मालवाहू जहाजं इतकी बुडवली, की भर काढायला कॅनडात एकाच नमुन्याची जहाजं धडाधड बांधायला घेतली. त्यांतल्या एका मालिकेला ‘फोर्ट’ म्हणत, कारण नावं हडसन्स बे कंपनीच्या जुन्या व्यापारी ठाण्यांची होती. स्टिकिन हे त्यांपैकीच एक ठाणं. जहाज १९४२ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या प्रिन्स रूपर्टला बांधलं गेलं आणि लेंड-लीज (युद्धसाहित्य उसनं देण्याच्या) करारातून ब्रिटनच्या सेवेत आलं. लांबी सुमारे १३४ मीटर, पाच होल्ड (माल ठेवायचे कप्पे), तीन सिलिंडरचं वाफेचं इंजिन, वेग ११ नॉट, म्हणजे ताशी २० किलोमीटरच्या आसपास. त्या काळातल्या बहुतेक व्यापारी जहाजांप्रमाणे बचावासाठी थोड्या तोफा असत, त्यापलीकडे लढाईशी संबंध नाही.

नोंदींत ‘७,१४२ टन’ असं दिसतं ते वजन नाही. ग्रॉस टन हे आकारमानाचं माप आहे, १०० घनफुटांचा एक टन. प्रत्यक्षात अशा जहाजात दहा हजार टनांच्या घरात माल मावे. जुन्या बातम्यांत हे दोन्ही ‘टन’ सर्रास मिसळलेले असतात, तेव्हा वाचताना सांभाळा.

जपान्यांचं म्हणाल, तर पहिल्या स्फोटानंतर मुंबईत अनेकांना हवाई हल्लाच झाला असं वाटलं होतं. अफवेचा उगम तिथेच. सरकारी चौकशीत मात्र आग रुईगाठींत लागल्याची शक्यता सर्वांत जास्त मानली गेली. फेकलेल्या विडी-सिगारेटवर संशय राहिला.

प्रश्न: आमचा जिनिंग-प्रेसिंगचा धंदा आहे. गाठीच्या गोदामात आम्ही काडेपेटीही येऊ देत नाही. तिथे दारूगोळ्याच्या जहाजात रुईगाठी भरल्याच कशा? आणि गोदीत पाण्याला तोटा नसताना आग विझली का नाही?
(हिंगणघाट)

आलेल्या पत्रांत हा प्रश्न सर्वांत नेमका आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जहाज २४ फेब्रुवारी १९४४ ला इंग्लंडच्या बर्कनहेडहून निघालं. पोटात सुमारे १,३९५ टन स्फोटकं आणि दारूगोळा: टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे. त्यातली २३८ टन ‘अ’ वर्गातली, म्हणजे अतिसंवेदनशील. शिवाय खोक्यांत बंद केलेली लढाऊ विमानं आणि सोनं. जिब्राल्टर, पोर्ट सैदमार्गे ते कराचीला आलं. तिथे काही माल उतरला, जागा रिकामी झाली. युद्धात जहाजाची जागा रिकामी नेणं म्हणजे गुन्हाच. मग कराचीत सुमारे ८,७०० रुईगाठी चढवल्या, जोडीला तेलाची पिंपं, लाकूड, भंगार लोखंड, गंधक, राळ, मासळीचं खत. या भरणीबद्दल कॅप्टन नाखूश होता, पण त्याला विचारतो कोण!

आता होल्डची रचना बघा. प्रत्येक होल्डला तळचा भाग असतो आणि त्यावर ‘ट्वीन डेक’ हा मधला मजला. दोन नंबरच्या होल्डमध्ये तळाला रुईगाठी आणि त्यांच्या डोक्यावर, मधल्या मजल्यात, स्फोटकं अशी मांडणी झाली. चौकशीने ठपका ठेवला तो आधी या मांडणीवर.

पाण्याने का विझली नाही, हे तुम्हाला जिनिंगमध्ये रोज दिसतंच, फक्त जहाजात त्याची तीन कारणं एकत्र आली.

पहिलं कारण रुईचं मेण. कच्च्या रुईच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. पेल्यात पाणी घ्या, त्यात सरकी काढलेल्या कच्च्या रुईची चिमूट टाका, ती बराच वेळ वर तरंगत राहते. औषधाच्या दुकानातला, मेण काढलेला कापूस टाकलात तर काही सेकंदांत बुडतो. गाठीवर पाइप धरला की वरचं दोन-तीन बोटं भिजतं, बाकी पाणी ओघळून जातं.

दुसरं, गाठीतली आग ज्वाळेची नसते, धुमसती असते. दाबलेल्या तंतूंत जेवढी हवा अडकलेली आहे तेवढ्यावर ठिणगी आत-आत सरकते. बाहेरून गाठ काळवंडलेली, निवलेली वाटते आणि पोटात निखारा असतो. दाबताना ठिणगी आत गेलेली गाठ कित्येक दिवसांनी पेटल्याची उदाहरणं धंद्यात सगळ्यांना माहीत आहेत. म्हणूनच पाणी मारून झालं की काम संपलं असं नसतं. गाठ मोकळ्या जागेत न्यावी लागते, मगच पट्ट्या तोडून थर उलगडत भिजवावी लागते. गोदामातच पट्ट्या तोडल्या तर दाबलेली रुई फुगते, एकदम हवा शिरते आणि धुमसण्याची ज्वाळा होते. व्हिक्टोरिया डॉकमध्ये गाठी बाहेर काढणं शक्यच नव्हतं. वर स्फोटकं, होल्ड धुराने भरलेला, आगीचं नेमकं ठिकाण कुणालाच दिसत नव्हतं.

तिसरं कारण सर्वांत वाईट. दाबलेल्या रुईगाठीची घनता पाण्याच्या निम्म्याच्या आसपास असते, त्यामुळे ती तरंगते. दोन तासांत होल्डमध्ये ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं, मिनिटाला सरासरी आठ हजार लिटर. होल्डमध्ये पाणी चढलं की गाठी तरंगत वर येतात, म्हणजे आग वरच्या स्फोटकांच्या जवळ जाते. पाणी अक्षरशः उकळत होतं. तळाशी उभी असलेली आग पाण्याने विझवायची तर वरचा माल आधी हलवलेला हवा, आणि तो हलवण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती.

मग काय करायला हवं होतं? जहाजात बॉयलरची वाफ होल्डमध्ये सोडायची सोय असते. सुरुवातीलाच होल्डची झाकणं घट्ट बंद करून वाफ सोडली, तर ती हवा ढकलून बाहेर काढते आणि रुईची आग गुदमरते, निदान आवरते. ही वाफ वापरलीच नाही, असा ठपका चौकशीने स्पष्ट ठेवला. मात्र एक लक्षात घ्या: हा उपाय रुईपुरता. स्फोटकांना लागणारा प्राणवायू त्यांच्या रसायनातच असतो. आग त्यांच्यापर्यंत पोचली की हवा तोडून काही उपयोग नाही.

तुमच्या गोदामासाठी यातून घेण्यासारखं: गाठीचा ओलावा ८ टक्क्यांच्या आत ठेवा, संशयित गाठ बाकीच्यांपासून दूर उघड्यावर काही दिवस राहू द्या, आणि नुसत्या पाण्याऐवजी पाण्याचा ताण कमी करणारं द्रव्य मिसळलेलं पाणी तयार ठेवा. तेच मेणाला भेदून आत शिरतं.

प्रश्न: धूर दिसला दोनच्या सुमारास, स्फोट झाला चारनंतर. एवढ्या वेळात जहाज ओढून समुद्रात का नेलं नाही? किंवा आहे तिथेच बुडवून का टाकलं नाही?
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, प्रतापनगर)

आधी घड्याळ मांडू. जहाज १२ एप्रिलला डॉकमध्ये लागलं. स्फोटकं धक्क्यावर न उतरवता बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होड्यांत उतरवायची, अशी पद्धत. बार्ज येईपर्यंत दुसरा माल काढत बसले. १४ तारखेला, शुक्रवारी, स्फोटकं अजून जहाजातच होती. दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबर होल्डमधून धूर येतोय हे जहाजावरच्यांच्या लक्षात आलं. बंब बोलावण्यात उशीर झाला. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम निघाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, त्यात जहाजाचे दोन तुकडे. ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा.

ओढून नेण्याची अडचण गोदीच्या बांधणीत होती. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया हे दोन्ही डॉक दरवाजांचे होते. आतलं पाणी धरून ठेवलेलं असे आणि मोठं जहाज भरतीच्या वेळेलाच आत-बाहेर होऊ शके. पेटलेलं जहाज दोर सोडून, टग (ओढणाऱ्या छोट्या बोटी) लावून, दाटीने उभ्या असलेल्या इतर जहाजांमधून वळवून दरवाजापर्यंत न्यायचं, तिथे पाण्याची पातळी जुळलेली हवी, वर टगवरच्या माणसांना त्याच्या शेजारी राहायला तयार करायचं. बाहेर नेण्याचा सल्ला त्या दुपारी दिला गेला होता, पण सल्ल्याचा निर्णय झाला नाही.

बुडवण्याचं गणित आणखी सोपं आहे. डॉकमध्ये भरलेल्या जहाजाच्या तळाखाली पाणी फारसं नसतं. तळाच्या झडपा उघडल्या तरी जहाज थोडंसं खाली बसून टेकतं, आणि मधला मजला, जिथे स्फोटकं होती, तो पाण्याबाहेरच राहतो. शिवाय झडपांतून येणाऱ्या पाण्याने एवढं मोठं पोट तासाभरात भरत नाही. खोल समुद्रात ज्याला बुडवणं म्हणतात ते डॉकमध्ये शक्य नव्हतं.

आमच्या मते खरी चूक वेगळी होती. कॅप्टन, बंदराचे अधिकारी, लष्कराचा दारूगोळा अधिकारी, अग्निशमन दल, सगळे हजर होते. प्रत्येकाला बोलण्याचा अधिकार होता, सगळ्यांच्या वतीने ठरवण्याचा कुणालाच नव्हता. धोकादायक माल असल्याची खूण म्हणून लाल बावटा लावायला हवा, तोही जहाजावर नव्हता. शेजारच्या धक्क्यांवर माल चढवणं-उतरवणं शांतपणे चालू होतं, आणि धूर बघायला माणसं गोळा झाली. जहाज वाचत नव्हतं हे तीनपर्यंत कळण्यासारखं होतं. त्या वेळी डॉक रिकामा केला असता तर जहाज गेलंच असतं, पण एवढी माणसं गेली नसती. अग्निशामकांची गोष्ट तर त्याहून कडू. जहाजात काय भरलंय याची पूर्ण कल्पना नसलेल्या जवानांच्या हातात शेवटपर्यंत पाइप होता.

प्रश्न: किती नुकसान झालं? विमा मिळाला का? धान्यही जळालं म्हणतात.
(धान्य व्यापारी, इतवारी)

डॉकमधली आणि जवळची डझनभर जहाजं बुडाली किंवा निकामी झाली. सिंदिया जहाज कंपनीचं ‘जलपद्मा’ तर पाण्यातून उचलून धक्क्यावर फेकलं गेलं. गोदीशी संबंधित २३१ माणसं गेल्याची नोंद आहे, त्याबाहेरचे नागरिक ५०० च्या वर. एकूण आकडा काही जण १,३०० पर्यंत नेतात. वस्तीत न नोंदलेले मजूर किती होते हे कुणीच मोजलेलं नव्हतं, म्हणून हा फरक. जखमी सुमारे २,५००, बेघर ८०,०००. पेटलेल्या गाठी आकाशातून गोदामांवर आणि झोपड्यांवर पडत होत्या. रुई हलकी, स्फोटाने लांब उडते आणि पडली तरी धुमसत राहते, त्यामुळे आग एका जागी राहिलीच नाही. ती आटोक्यात यायला तीन दिवस लागले. सुमारे पाच लाख टन ढिगारा उपसायला आठ हजार माणसांना सात महिने लागले.

धान्याचं तुम्ही ऐकलंत ते खरं. ५० हजार टनांहून जास्त धान्य गेलं, त्यात तांदूळ बराच. बंगालच्या दुष्काळानंतरचं ते वर्ष. काळा बाजार लगेच तेजीत आला, हे धान्याच्या पेठेत बसणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

विम्याचा घोळ मोठा होता. साध्या आगीच्या पॉलिसीत दारूगोळ्याच्या स्फोटाने झालेलं नुकसान बसत नव्हतं आणि प्रत्येक दाव्यात ‘आग आधी की स्फोट आधी’ हा वाद उभा राहिला असता. सरकारने १९४४ मध्येच ‘बॉम्बे एक्स्प्लोजन (कॉम्पेन्सेशन) ऑर्डिनन्स’ काढून भरपाईची जबाबदारी घेतली आणि तो वाद मिटवला.

प्रश्न: मुंबईवर सोन्याच्या विटांचा पाऊस पडला, ही थाप ना?
(धरमपेठ)

पाऊस नाही, पण विटा होत्या. प्रत्येकी सुमारे १२.७ किलोच्या, सगळ्या मिळून त्या वेळच्या ८ लाख ९० हजार पौंडांच्या. एक वीट गोदीपासून बऱ्याच अंतरावर एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली आणि त्यांनी ती सरकारला परत केली. बऱ्याच विटा ढिगाऱ्यातून आणि गाळातून मिळाल्या. गोदीतला गाळ उपसताना पुढे अनेक दशकांनी देखील काही हाती लागल्या.

प्रश्न: त्या वेळी नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती. इथल्या लोकांना बातमी केव्हा कळली?
(सीताबर्डी)

अधिकृत, तपशिलासह बातमी उशिरा. युद्धाचा सेन्सॉर होता. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने १५ एप्रिललाच वर्णन करून टाकलं, ब्रिटिश-भारतीय सेन्सॉरने मात्र वार्ताहरांना सविस्तर मजकूर पाठवायची परवानगी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दिली. शिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा त्याच दिवशी उमटला होता, तो काही सेन्सॉरला अडवता आला नाही.

प्रश्न: असा माल आज एका जहाजात भरता येईल का? परवाना आपल्या नागपूरच्या कार्यालयातून मिळतो ना?
(मालवाहतूक व्यावसायिक, वाडी)

नागरी वापरातल्या स्फोटकांचं उत्पादन, साठवण, वाहतूक आणि आयात-निर्यात ‘पेसो’ म्हणजे पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेच्या अखत्यारीत येते, तिचं मुख्यालय नागपुरात. आधार १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम. लष्कराचा स्वतःचा दारूगोळा या परवान्यात येत नाही, त्याची यंत्रणा वेगळी.

जहाजावर कोणता माल कशाजवळ, हे ठरतं आयएमडीजी या आंतरराष्ट्रीय संहितेने. स्फोटकं वर्ग १. त्यातली १.१ म्हणजे एकदम सगळा साठा फुटेल अशी. कोरडे वनस्पतिजन्य तंतू वर्ग ४.१ (सहज पेटणारे घन पदार्थ), ओली रुई वर्ग ४.२ (आपोआप पेटू शकणारे पदार्थ). वर्ग १.१ आणि वर्ग ४.१ किंवा ४.२ यांच्यात जहाजाच्या लांबीच्या दिशेने मध्ये एक अख्खा होल्ड सोडावा लागतो. एकावर एक तर नाहीच नाही. ज्यांची रुई निर्यात होते त्यांनी एक तपशील टिपून ठेवावा: घनमीटरला ३६० किलो किंवा जास्त घनतेची कोरडी गाठ बंद कंटेनरमध्ये असेल तर तिला धोकादायक मालाच्या अटींतून सूट मिळते. सैल दाबलेली किंवा भिजलेली गाठ त्या सवलतीत बसत नाही. पावसात उघड्यावर राहिलेल्या गाठी कंटेनरमध्ये घुसडल्या तर जाहीर केलेला वर्गच खोटा ठरतो, आणि पुढे काही झालं तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

प्रश्न: आजोबांचे भाऊ त्या काळात बोटीवर खलाशी होते, परत आले नाहीत. घरात फक्त ‘मुंबईच्या बोटीवर गेले’ एवढंच माहीत. शोध कुठून सुरू करू?
(कामठी)

आधी घरातलं गोळा करा: पूर्ण नाव, वडलांचं नाव, गाव, आणि शेवटचं पत्र किंवा मनीऑर्डर आली ते वर्ष. इंग्रजी नोंदींत मराठी नावांची वाट लागलेली असते, म्हणून नावाची तीन-चार स्पेलिंगं करून ठेवा आणि आडनावाऐवजी वडलांचं नावच आडनाव म्हणून लिहिलं असेल हेही धरून चला.

मग राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, कबर नसलेल्या भारतीय खलाशांची नावं ‘बॉम्बे १९३९-१९४५ वॉर मेमोरियल’ आणि चितगावच्या स्मारकात आहेत. हजारो नावांची ती यादी वहीच्या रूपात ठेवलेली आहे. मुंबईतली वही मशीद बंदर भागातल्या इंडियन सीमेन्स होममध्ये आहे. नोंद मिळाली तर जहाजाचं नाव आणि मृत्यूची तारीख हाती येते. मग लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘बीटी ३८९’ या मालिकेत त्या जहाजाचं कार्ड शोधा. कोणत्या बंदरात केव्हा लागलं, केव्हा निघालं, हे त्यावर ओळीने लिहिलेलं असतं.

ते गोदीतले मजूर असतील, बोटीवर नोकरीला नसतील, तर या यादीत नाव सापडणार नाही. मग मुंबईचं पुराभिलेखागार आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ बघा. आपल्या नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयात मध्य प्रांत-वऱ्हाडचे कागद आहेत, मुंबई बंदराचे नाहीत, तेव्हा तिथे हेलपाटा घालण्याआधी घरातल्या व्यक्तीची भरती नागपूरकडून झाली होती का, एवढं पक्कं करून घ्या.